झेल्डा 2 : या गेमला नावं ठेवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेल्डा 2 म्हणजे नेमका कोणता गेम?

निन्टेन्डोच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ मालिकेतला दुसरा गेम, ‘द ॲडव्हेंचर ऑफ लिंक’. पहिला झेल्डा जपानमध्ये फेब्रुवारी 1986 मध्ये आला आणि हा वर्षभराच्या आत, 14 जानेवारी 1987 ला. जपानमध्ये तो फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या तेव्हाच्या घरगुती गेम मशीनच्या, डिस्कवर निघाला. अमेरिकेतल्या पोरांना मात्र 1988 च्या अखेरपर्यंत वाट बघावी लागली, कारण त्या वर्षी कॅसेटमध्ये लागणाऱ्या चिप्सचा तुटवडा होता. आला तेव्हा तो सोनेरी कॅसेटमध्ये आला, पहिल्यासारखाच.

मालिकेतल्या सर्वोत्तम गेमच्या याद्या निघतात तेव्हा हा बहुतेक वेळा तळाशी असतो. मी तो चार वेळा शेवटपर्यंत खेळलोय आणि माझ्या यादीत तो पहिल्या तिनात आहे. हे पान त्यासाठीच लिहिलंय.

लोक त्याला नावं का ठेवतात?

कारण तो पहिल्यासारखा नाही. पहिल्या झेल्डात सगळं वरून दिसतं, चौकटी चौकटींचा नकाशा, एकेक स्क्रीन पालथी घालायची. पुढचे बरेचसे गाजलेले झेल्डा याच घाटाचे. मधे हा एकटा वेगळा. मोठ्या नकाशावर लिंक, म्हणजे गेमचा नायक, वरून दिसतो खरा, पण गावात शिरला, गुहेत शिरला किंवा वाटेत शत्रू आडवा आला की गेम आडवा होतो, मारिओसारखा बाजूनं दिसायला लागतो. शिवाय लेव्हल आहेत, अनुभवाचे गुण आहेत, आणि मोजून तीन लाइफ.

दुसरं कारण म्हणजे तो अवघड आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण खरी मेख तिथेच आहे.

एक मात्र लक्षात ठेवा : निघाला तेव्हा हा गेम पडला नव्हता. जगभरात त्याच्या 43 लाखांहून जास्त प्रती खपल्या. नावं ठेवणं नंतर सुरू झालं, पुढचे झेल्डा एकाच वळणाचे निघाले तेव्हा. 1987 मध्ये ‘झेल्डा म्हणजे असंच’ हे अजून ठरायचं होतं. त्या काळात दुसरा भाग म्हणजे पहिल्याचीच सुधारून काढलेली प्रत, असा दंडक नव्हता. त्याच वर्षी कॅसलव्हेनियाचा दुसरा भाग गावं, दिवस-रात्र आणि कोडी घेऊन आला. अमेरिकेतला मारिओ 2 तर मुळात दुसऱ्याच एका जपानी गेमचा कायापालट होता. माणसं चाचपडत होती, आणि मला तो काळ त्यासाठीच आवडतो.

मग याला झेल्डा का म्हणायचं? दुसरं नाव दिलं असतं तर?

हा प्रश्न मला उलटा विचारावासा वाटतो : यात जे पहिल्यांदा आलं ते काढून टाकलं, तर मालिकेत काय उरेल?

जादूची पट्टी, म्हणजे मंत्र टाकला की कमी होणारी आणि बरणी मिळाली की भरणारी, ती इथून आली. पहिल्या गेममध्ये ती नव्हती. माणसांनी भरलेली गावं इथून आली. पहिल्या गेममध्ये गुहेत बसलेले म्हातारे होते, गाव नव्हतं. लिंकच्या हाताच्या पाठीवर उमटणारी त्रिकोणाची खूण इथली. धैर्याचा ट्रायफोर्स (मालिकेतले जादूचे त्रिकोण) इथला. पहिल्या गेममध्ये शक्ती आणि शहाणपण असे दोनच होते. लिंकच्या सावलीतून उठणारा काळा लिंक, ज्याच्याशी पुढच्या कितीतरी गेममध्ये गाठ पडते, तोही इथलाच.

आणि नाव! दर गेममध्ये राजकन्येचं नाव झेल्डाच का? याचं उत्तर याच गेमच्या पुस्तिकेतल्या गोष्टीत आहे. फार पूर्वीच्या एका राजकन्येनं ट्रायफोर्सचं गुपित सांगायला नकार दिला म्हणून तिला मंत्रानं कायमचं झोपवलं गेलं. तिच्या भावाला पश्चात्ताप झाला. ही गोष्ट कुणी विसरू नये म्हणून त्यानं फर्मान काढलं की या घराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव झेल्डा ठेवायचं. गेम सुरू होतो तेव्हा लिंक ज्या महालात उभा असतो, तिथे मागे चौथऱ्यावर झोपलेली ती हीच. दर वेळी हरून परत आलात की ती तिथेच असते.

गावांची नावं वाचा : राउरू, रुटो, सारिया, मिडो, नाबूरू, दारुनिया, कासुटो. 1998 चा ‘ऑकरिना ऑफ टाइम’ खेळलेल्याला यातली सहा नावं माणसांची म्हणून पाठ असतील. बनवणाऱ्यांनी ती या गेममधल्या गावांवरून उचलली. ज्या गेमला झेल्डा मानायला लोक तयार नसतात, त्याच्या गावांच्या नावांनी सगळ्यात लाडक्या झेल्डातले ऋषी ओळखले जातात.

पण झेल्डाचे जनक शिगेरू मियामोटो यांनी स्वतःच हा गेम फसला म्हटलंय ना?

हे फार ताणून सांगितलं जातं. एका मुलाखतीत त्यांना तुमचा वाईट गेम कोणता असं विचारलं होतं. वाईट असा एकही नाही, पण झेल्डा 2 मध्ये आणखी काही करता आलं असतं, अशा अर्थाचं ते बोलले. शत्रू मोठे हवे होते, पण त्या यंत्राला ते झेपलं नसतं, ही त्यांची हळहळ. फसलेल्या कामाबद्दल माणूस असं बोलत नाही, अपुऱ्या राहिलेल्या कामाबद्दल बोलतो.

ते यावर निर्माते होते. दिग्दर्शन तादाशी सुगियामा आणि यासुहिसा यामामुरा यांचं, संगीत आकितो नाकात्सुका यांचं. महालातली ती धून ऐकली नसेल तर आधी ती ऐका. 2001 मध्ये ‘स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या गेममध्ये टेम्पल नावाच्या रंगमंचावर ती नव्यानं वाजली, आणि झेल्डा 2 कधी न पाहिलेल्या लोकांनाही ती पाठ झाली.

गेम अवघड आहे की अन्यायी?

मलाही पहिल्यांदा अन्यायी वाटला होता. मत कुठे बदललं ते सांगतो.

पहिल्या महालात, वाळवंटातल्या पारापात, चिलखत घातलेला एक शिपाई भेटतो. त्याला आयर्न नकल म्हणतात. लिंकची तलवार आखूड, सुरीएवढीच वाटते. त्याच्या हातात ढाल आहे. तुम्ही वर मारता, तो ढाल वर नेतो. तुम्ही बसून पायाशी मारता, तो ढाल खाली आणतो. बटण दाबत राहिलात तर खण्ण, खण्ण असा आवाज येत राहतो आणि तुमचीच पट्टी रिकामी होते. पहिल्या रात्री मी याच एका शिपायासमोर तासभर घालवला असेल.

मग लक्षात आलं की ढाल आपल्याही हातात आहे. तिच्यासाठी वेगळं बटण नाही. लिंक उभा असला की ढाल छातीपाशी असते, बसला की गुडघ्यापाशी. म्हणजे बसणं-उठणं हाच बचाव. शिपायाचा हात वर गेला की उभं राहायचं, खाली आला की बसायचं. वार वाचला की पाव सेकंद त्याची ढाल चुकीच्या जागी असते, आणि तुमचा वार तेवढ्यातच बसला पाहिजे. आणखी एक युक्ती : त्याच्या अंगावर उडी घ्यायची आणि खाली येताना तलवार काढायची. तो ढाल वर न्यायच्या आत ती डोक्याच्या उंचीवर लागते. हे जमलं त्या दिवशी त्या शिपायाची भीती गेली आणि वाट बघणं सुरू झालं. पुढे लाल येतो, तो जास्त चपळ. मग निळा येतो, तो लांबूनच पाती फेकतो, एक वर, एक खाली, आणि तुम्ही उठताय, बसताय, उठताय, पुढे सरकताय.

1987 मध्ये, दोन बटणांच्या रिमोटवर, दोन माणसांची तलवारबाजी इतकी खरी कुठे होती? पहिल्या झेल्डात तलवार म्हणजे समोर टोचायची काठी होती. पुढच्याही बऱ्याच झेल्डांत शत्रू भराभर कापले जातात. समोरचा आपल्याकडे बघतोय, आपल्या हालचालीला उत्तर देतोय, असं मला या गेममध्ये वाटलं. थ्रीडी झेल्डात शत्रूवर नजर रोखून लढणं आलं तेव्हा, अकरा वर्षांनी, ती भावना परत आली.

मिडो गावात चर्चच्या वरच्या खिडकीतून जम्प मंत्र टाकून आत शिरलात की एक तलवारबाज भेटतो. तो हवेतून खाली मारायचा वार शिकवतो. बटण खाली धरून शत्रूच्या डोक्यावर उतरायचं आणि उसळायचं. या एका चालीनं गेमचं चालणंच बदलतं. ती इतकी चांगली आहे की 2014 च्या ‘शॉव्हेल नाइट’चा फावड्यावर उसळणारा शूरवीर तिच्यातूनच जन्मला, आणि ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये लिंक आजही हवेतून तसाच खाली मारतो.

पण डेथ माउंटन?

डेथ माउंटनबद्दल मी भांडणार नाही. गुहांचं ते जाळं फार लवकर येतं, हातात फारसं काही नसताना. तिथे कुऱ्हाड फेकणारे राक्षस आहेत, आणि त्यांची कुऱ्हाड साध्या ढालीनं अडत नाही. गुहा कुठून कुठे जोडल्यात हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. तिथला हातोडा घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे टाळायची सोयही नाही. दोन महालांनंतर ठेवला असता तर हाच भाग सुंदर ठरला असता.

तिथे जायच्या आधी लाइफची लेव्हल वाढवून घ्या आणि शील्ड मंत्र वापरायला कंजूषपणा करू नका. त्यानं मार निम्मा होतो.

तिन्ही लाइफ संपल्या की पार सुरुवातीच्या महालात? ही शिक्षा नाही का?

आहे. गेम ओव्हर झालं की पडदा रंग बदलतो, पहिल्या गेमचा खलनायक गॅनन हसतो, आणि तुम्ही झोपलेल्या झेल्डासमोर. साठवलेले अनुभवाचे गुण शून्य. मिळवलेल्या लेव्हल, वस्तू आणि मंत्र मात्र तुमचेच राहतात. शेवटच्या महालात तर हीही सक्ती नाही, मेलात तर तिथूनच सुरू.

हरण्याला या गेमच्या गोष्टीत अर्थ आहे, हे फार थोडे लोक सांगतात. गॅनन पहिल्या गेममध्ये मेलाय. त्याच्या राखेवर लिंकचं रक्त शिंपडलं तर तो जिवंत होणार, म्हणून त्याची पिलावळ लिंकच्या मागे आहे. तुम्ही शेवटची लाइफ घालवली की पाटी येते ती गॅनन परतल्याची. म्हणजे तुमचं मरण हाच गोष्टीतला वाईट शेवट. या गेमचा खलनायक गॅनन नाहीच. तो फक्त तुमच्या चुकीची वाट बघतोय.

परतीची वाटही वाटते तेवढी रटाळ नाही. नकाशावर रस्त्यावरून चालताना शत्रूची सावली आदळली तर रिकामी स्क्रीन येते, मारामारी नाही. रानातून, दलदलीतून गेलात तर मात्र लढावं लागतं. हे कळलं की रस्ता धरून पाच मिनिटांत निम्मा मुलूख ओलांडता येतो. वाटेत गाव लागलं की आत जा : एक बाई लाइफची पट्टी भरून देते, एक आजी जादूची.

गुण कशावर खर्च करायचे?

सुरुवातीला लाइफची लेव्हल 50 गुणांत मिळते, जादूची 100 ला, तलवारीची 200 ला. नवखा माणूस 50 झाले की लगेच लाइफ घेतो. घेऊ नका. ‘कॅन्सल’ म्हणा आणि तलवारीसाठी साठवा. शत्रू दोनऐवजी एका वारात मेला तर मार खायची वेळच येत नाही.

आणि ही खरी कामाची गोष्ट : महालातला बॉस मारून पुतळ्यात स्फटिक बसवला की पुढच्या लेव्हलला जेवढे गुण कमी पडत असतील तेवढे फुकट मिळतात. म्हणून लेव्हल मिळायला पाच-दहा गुणच बाकी असताना स्फटिक बसवला तर बक्षीस वाया गेलं. आधी बाहेर दोन शत्रू मारून ती लेव्हल घ्या, मग स्फटिक बसवा.

“आय ॲम एरर” ही भाषांतराची चूक आहे का?

नाही, आणि या एका वाक्यावरून या गेमला इतकं हसलं गेलंय की मला वाईट वाटतं.

रुटो गावात दाढीवाला एक गृहस्थ भेटतो. त्याच्याशी बोललात तर तो सांगतो की मी एरर. लोकांना वाटलं, गेम बिघडला. जपानी मूळ गेममध्येही त्याचं नाव एररच आहे. पुढे सारियाच्या उत्तरेच्या रानात बागू नावाचा माणूस भेटतो. जपानी लोक इंग्रजी ‘बग’ हा शब्द ‘बागु’ असाच म्हणतात. म्हणजे एक एरर आणि त्याचा जोडीदार बग. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपल्या रोजच्या डोकेदुखीची नावं दोन गावकऱ्यांना दिली. इंग्रजीत एररचं एरर झालं, बागूचं मात्र बग झालं नाही, आणि जोडी तुटली.

आणि तो बिनकामाचाही नाही. पुढे मिडोच्या बंदरात कुणीतरी सांगतं की रुटोच्या एररला विचार. परत गेलात तर तो पुढची वाट सांगतो. एक माणूस, दोनदा भेट, मधे अर्धा नकाशा. पहिल्या झेल्डात असं कुणीच नव्हतं.

कोडी सुटत नाहीत. बघून खेळलं तर चालेल?

खुशाल. रानातली झाडं हातोड्यानं तोडत लपलेलं कासुटो गाव शोधायचं, तीन दगडांमधे बासरी वाजवायची म्हणजे महाल वर येतो, या गोष्टी एकट्यानं सुचणं कठीण आहे. तेव्हाची पोरं शाळेत एकमेकांना सांगून खेळायची. तुम्हाला तो वर्ग नाही, तर लिहिलेलं वाचा. तलवार मात्र स्वतः शिका.

आपल्याकडच्या टीव्ही गेममध्ये हा का नव्हता?

आमच्या घरी 90 च्या दशकात आलेल्या त्या मशीनवर मारिओ होता, कॉन्ट्रा होता, बदकं मारायची बंदूक होती. पेटीवर लिहिलेले हजारो गेम प्रत्यक्षात त्याच वीसेक गेमची उलटसुलट नावं होती. झेल्डा एकही नव्हता. सेव्ह करायचा गेम असेल तर कॅसेटमध्ये बॅटरी लागते, आणि आमच्या कुठल्याच कॅसेटमध्ये ती नव्हती. भाड्यानं कॅसेट देणाऱ्या दुकानातही मी तो पाहिला नाही. पुढे कॉलेजात कॉम्प्युटरवर पहिल्यांदा दिसला.

म्हणून माझा लोभ लहानपणच्या आठवणीतून आलेला नाही. मी हा गेम विशी ओलांडल्यावर, पुढचे चार झेल्डा खेळून झाल्यावर खेळलो. तरीही तो आवडला.

जपानी आवृत्ती वेगळी आहे का?

थोडी. डिस्कच्या यंत्रात आवाजाची एक जास्तीची वाहिनी होती, त्यामुळे संगीत वेगळं वाजतं. आणि जपानी आवृत्तीत गेम ओव्हरनंतर सेव्ह करून परत आलात तर तिन्ही लेव्हल सगळ्यात खालच्या लेव्हलला येऊन बसतात. म्हणजे तलवार सहावर आणि जादू दोनवर असेल तर सगळंच दोन! अमेरिकेत पाठवताना ते काढलं, हे बरंच झालं.

आज कुठे खेळायचा? रिवाइंड वापरणं कमीपणाचं आहे का?

निन्टेन्डोच्या स्विचवर ऑनलाइन सदस्यत्व असेल तर एनईएसच्या (फॅमिकॉमचं अमेरिकेतलं रूप) जुन्या गेममध्ये तो 2019 पासून आहे. 2021 मध्ये निघालेल्या गेम ॲण्ड वॉच या हातातल्या छोट्या मशीनमध्येही आहे.

रिवाइंडबद्दल, म्हणजे गेम थोडा मागे फिरवून परत खेळण्याबद्दल, माझं मत : डेथ माउंटनमध्ये आणि खड्ड्यांवरून उड्या मारताना वापरा. आयर्न नकलसमोर वापरू नका. तिथे मागे फिरवत बसलात तर ढालीचा ताल हाताला लागत नाही, आणि पाचव्या महालापर्यंत गेम तुम्हाला कंटाळा आणेल.

शेवटच्या काळ्या लिंकला कोपऱ्यात बसून मारता येतं म्हणे. तसं मारलं तर चालेल?

येतं. डाव्या कडेला जाऊन बसायचं आणि खाली वार करत राहायचं. तो येतो, तलवारीवर आदळतो, मरतो. पहिल्या वेळी मी तसंच केलं. ग्रेट पॅलेस या शेवटच्या महालाचं चक्रव्यूह, तिथला राक्षस थंडरबर्ड, त्याच्यासाठी जवळजवळ सगळी जादू थंडर मंत्रावर ओतलेली, आणि शेवटी हाताला घाम. मला फक्त संपवायचं होतं.

चौथ्या खेपेला मधे उभा राहिलो. तिथला एक म्हातारा हात वर करतो, लिंकच्या पायाखालची सावली सुटी होते आणि समोर येते. ती बसते तेव्हा तुम्ही बसता. ती उडते तेव्हा तुम्ही उडता. पारापाच्या शिपायानं जे शिकवलं ते सगळं तिला येतं, कारण ती तुम्हीच आहात. सहा वेळा हरलो, सातव्यांदा जिंकलो.

त्यानंतर झेल्डा उठून बसते. मग नाटकासारखा पडदा खाली येतो, पण पुरता जमिनीला टेकत नाही. खालच्या फटीतून दोघांचे पाय दिसतात, एकमेकांजवळ येताना.